शिरोडकर डॉक्टर कुठं बसतात?

"साहेब, हे शिरोडकर डॉक्टर कुठं बसतेत? बीडला का संभाजीनगरला?"

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, आपल्याच तालुक्यातल्या एका तांड्यावरचा गडी हा प्रश्न घेऊन माझ्याकडं आला होता. हातात घामानं मऊ पडलेला दवाखान्याचा कागद. त्यावर इंग्रजीत बरंच काही खरडलेलं आणि त्यातला एकच शब्द त्याला कुणीतरी वाचून दाखवलेला, 'शिरोडकर'. त्याला वाटलं, आपल्याला मोठ्या डॉक्टरकडं पाठवलंय. पत्रकार माणूस, याला पत्ता माहीत असणार, म्हणून माझ्याकडं आला.

त्याच्या बायकोला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही पोटं पाचव्या महिन्यात गेली होती, दोन्ही उसाच्या फडात. पडणं नाही, मार नाही, धड कळासुद्धा नाहीत. कंबर भरून आली, खाली ओलं लागलं आणि तासाभरात सगळं संपलं. घरी अंगारे-धुपारे झाले. बाईलाच 'हिचं पोट टिकत नाही' असं नाव पडलं. तिसऱ्या वेळी मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून ती वेळेत दवाखान्यात गेली आणि हा कागद हातात आला.

खरं सांगतो, शिरोडकर म्हणजे काय ते मलाही तेव्हा माहीत नव्हतं. मी डिप्लोमा केला तो पत्रकारितेचा. एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, शिरोडकर म्हणजे टाका. पिशवीच्या तोंडाला घालायचा टाका."

तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. जमेल तसं वाचत गेलो, डॉक्टर मंडळींना छळत गेलो. त्यातून जे समजलं ते आज लिहितोय. पोस्ट लांबलचक आहे, पण आपल्या जिल्ह्यातल्या बायांशी याचा थेट संबंध आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या माणसाबद्दल.

डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शालेय शिक्षण हुबळीला, डॉक्टरकी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. १९२७ ला एमडी, १९३१ ला इंग्लंडची एफआरसीएस. पुढं ग्रँट मेडिकल कॉलेजातच स्त्रीरोग आणि प्रसूतीचे प्राध्यापक. १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ते गेले.

त्यांच्या काळात, चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान ज्या बायांची पोटं पुन्हा पुन्हा जायची, त्यांच्यावर डॉक्टरांकडं दोनच उपाय असायचे. एक, पडून राहा. दोन, हार्मोनची औषधं घ्या. अमेरिकेत तर डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचं हार्मोन वर्षानुवर्षं सर्रास दिलं गेलं. १९५३ मध्ये तिथल्याच एका चाचणीत दिसलं की त्याचा गर्भ टिकवायला काही उपयोग नाही. तरी ते चालूच राहिलं. १९७१ मध्ये कळलं की ज्या बायांनी ते घेतलं त्यांच्या पोटी जन्मलेल्या मुलींमध्ये एका दुर्मिळ कर्करोगाचा धोका वाढतो. पुढं असंही दिसलं की त्यातल्या अनेक मुलींच्या गर्भाशयाच्या रचनेतच दोष राहिला आणि त्यांची स्वतःची पोटंही टिकेनात. पिढीजात नुकसान कसं होतं, त्याचं हे उदाहरण.

शिरोडकरांचं म्हणणं वेगळं होतं. विश्रांती आणि हार्मोन दोन्ही करून काही बायांचा गर्भ टिकत नाही, कारण त्यांच्या पिशवीचं तोंडच ढिलं असतं. गर्भ चांगला असतो, पिशवी चांगली असते, पण वजन वाढायला लागलं की तोंड आपोआप, कळांशिवाय उघडतं. मग ते तोंड बांधून का ठेवू नये?

त्यांनी त्या बाईच्याच मांडीतला एक चिवट पडदा पट्टीसारखा कापून घेतला, पिशवीच्या तोंडाभोवती वरच्या बाजूला फिरवला आणि बांधून टाकला. १९५५ मध्ये मद्रासहून निघणाऱ्या 'अँटिसेप्टिक' या वैद्यकीय मासिकात त्यांनी हे छापलं. कुठल्या लंडन-न्यूयॉर्कच्या नामांकित नियतकालिकात नाही, मद्रासच्या मासिकात. तिथून ते जगभर गेलं. १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅकडोनाल्ड यांनी सोपी पद्धत काढली. चंचीची नाडी ओढून तोंड आवळावं तसा गोल टाका. या दोन्ही पद्धती आजही वापरात आहेत आणि जगातल्या प्रत्येक प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकात शिरोडा गावचं आडनाव आहे.

मला हे वाचून अभिमान वाटला. इथंच पोस्ट संपवली असती तर 'मराठी माणसाची कमाल' म्हणून तुम्ही ढीगभर लाइक दिले असते. पण गोष्ट इथं संपत नाही.

टाका घातला तरी काही बायांची पोटं जातच राहिली. १९९३ मध्ये ब्रिटनमधून एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. १,२९२ बाया. निम्म्यांना टाका, निम्म्यांना नाही. ३३ आठवड्यांच्या आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण टाक्यावाल्यांत १३ टक्के, बिनटाक्यावाल्यांत १७ टक्के. म्हणजे फायदा झाला, पण शंभरात चार बायांना. ज्यांना आधी तीन किंवा त्याहून जास्त वेळा असा अनुभव आला होता, त्यांच्यात फायदा जास्त स्पष्ट होता. बाकीच्यांचं काय? तोंड बांधूनही ते का उघडत होतं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी हे तोंड कशाचं बनलंय ते बघावं लागतं.

पिशवी स्वतः स्नायूची आहे, म्हणून तर ती आवळते आणि कळा येतात. तोंडही तसंच असेल असं डॉक्टर बरीच वर्षं धरून चालले होते. १९४७ मध्ये डेव्हिड डॅनफोर्थ या अमेरिकन डॉक्टरनं दाखवलं की तोंडात स्नायू थोडाच आहे, बाकी सगळा चिवट तंतूंचा पीळ आहे. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. आपल्याकडं चऱ्हाट वळतात ना, तसे एकमेकांत गुंतलेले. हा पीळ घट्ट आहे तोवर वरचं चार-पाच किलोचं ओझं पेलतं. बाळंतपणाच्या वेळी हाच पीळ सुटतो.

डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना एक सोपी खूण शिकवतात. एरवी पिशवीचं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं कडक लागतं, दिवस गेले की ओठासारखं मऊ होत जातं. शेवटच्या आठवड्यांत ते आणखी मऊ होतं, पाणी धरतं, पातळ होतं आणि मग कळांच्या जोरानं उघडतं. आधी मऊ होणं, मग पिकणं, मग उघडणं आणि बाळंतपणानंतर पुन्हा भरून येणं. फळ पिकावं तसं, म्हणून डॉक्टरही त्याला 'पिकणं' हाच शब्द वापरतात.

आता हे पिकवतं कोण?

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला माँट लिगिन्स नावाचे डॉक्टर होते. कच्च्या बाळाच्या फुप्फुसासाठी आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचा शोध लावणारे हेच. त्यांनी आणि रॉस होवी यांनी १९७२ मध्ये तो छापला. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणात आपल्याकडं आजही ते इंजेक्शन देतात. या लिगिन्स यांनी १९८१ मध्ये एक विचार मांडला. पिशवीचं तोंड पिकण्याची क्रिया ही शरीराला सूज येण्याच्या क्रियेसारखी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं बघा. जागा लाल होते, गरम होते, सुजते, दुखते. तिथल्या पेशी एक प्रकारची हाळी देतात. ही हाळी म्हणजे रासायनिक निरोप. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्यातला इंटरल्युकिन-८ नावाचा निरोप रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेतो. त्या पेशी येताना कोलॅजन तोडणारी विकरं घेऊन येतात. सोबत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, जागेत पाणी भरतं. काटा निघावा म्हणून शरीरानं केलेली ही सगळी तयारी.

लिगिन्स म्हणाले, बाळंतपणाच्या वेळी पिशवीच्या तोंडात हेच निरोप फिरतात, हीच द्रव्यं तयार होतात. पुढच्या अभ्यासांत बायांच्या पिशवीच्या तोंडाचे नुमने तपासले तेव्हा कळांच्या काळात तिथं पांढऱ्या पेशी आणि हे निरोप वाढलेले खरंच सापडले. दवाखान्यात 'कळा येईनात म्हणून जेल ठेवलंय' असं तुम्ही ऐकलं असेल. ते जेल म्हणजे हेच प्रोस्टाग्लँडिन. त्याचा अभ्यास करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९८२ चं नोबेल मिळालं. दुखऱ्या गुडघ्यात जे द्रव्य सूज आणतं, त्याच कुळातलं द्रव्य बाळाची वाट मोकळी करतं.

मग नऊ महिने हे निरोप गप्प कसे राहतात? त्यासाठी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन आहे. दिवस भरेपर्यंत ते या सगळ्या गोंगाटाला दाबून ठेवतं. दिवस भरले की त्याचा अंमल ओसरतो आणि काम सुरू होतं. ज्यांच्या पिशवीचं तोंड सोनोग्राफीत आखूड दिसतं, त्यांना आजकाल प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आत ठेवायला देतात, त्या यासाठीच.

पण विज्ञानात एकदा सांगितलं आणि कायमचं झालं असं नसतं. अमेरिकेत डलासला माला महेंद्रू यांच्या प्रयोगशाळेनं २००६ पासून उंदरांवर काम करून लिगिन्स यांच्या विचाराला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवली. दिवस भरल्यावर जे तोंड पिकतं त्याला पांढऱ्या पेशींच्या फौजेची गरज फारशी दिसत नाही. तिथल्या पेशी आपलं आपण, सावकाश, पीळ सैल करत आणतात. पांढऱ्या पेशींचं मोठं काम बाळंतपणानंतर असतं, झालेली पडझड भरून काढायचं. पण जंतू शिरले की चित्र पालटतं. तेव्हा दिवस भरलेले नसतानाही फौज येते, निरोप सुटतात आणि तोंड वेगळ्याच वाटेनं उघडतं.

मला या सगळ्या वाचनात ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटली. दरवाजा एकच, पण उघडायच्या रीती दोन. एक म्हणजे पहाट झाली की घरच्या माणसानं कडी काढावी तशी. दुसरी म्हणजे मध्यरात्री आग लागली म्हणून आतल्यांनीच दार तोडून बाहेर पडावं तशी. दुसऱ्या रीतीत बाहेर येणारं बाळ पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्याचं असतं.

पिशवीच्या तोंडावर एरवी पहारा कडक असतो. गरोदरपणात तिथं चिकट, घट्ट बूच बसतं. बाळंतपणाच्या आधी जे चिकट, रक्ताळलेलं जातं आणि ज्यावरून जुन्या सुइणी 'आता वेळ आली' म्हणायच्या, तेच हे. त्यात जंतू मारणारी द्रव्यं असतात, रोगप्रतिकारक प्रथिनं असतात. खालून कुणी वर चढू नये, ही त्याची जबाबदारी. तोंडाच्या पेशींना जंतूंचे तुकडे ओळखता येतात आणि ओळखले की त्या हाळी देतात. हा पहारा मोडून जंतू वर गेले, की आईचं शरीर त्यांच्याशी लढतं आणि त्या लढाईतच तोंडाचा पीळ सुटतो, पाणमोट कमजोर होते, कळा सुरू होतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणांपैकी निदान चौथा हिस्सा तरी आतल्या संसर्गाशी जोडलेला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. बाळंतपण जितकं लवकर, तितका हा वाटा जास्त.

आता कळतं की शिरोडकरांचा टाका काहींना तारतो आणि काहींना का नाही. ज्या बाईचं तोंड नुसतं ढिलं आहे, आधीच्या बाळंतपणात फाटलंय किंवा त्यावर शस्त्रक्रिया झालीय, तिथं दोरी कामाची. जिथं आत आग लागलीय तिथं दोरी काय करणार? उलट आत जंतू असताना तोंड बांधून ठेवणं आईच्याच जिवावर बेतू शकतं. म्हणून टाका घालायच्या आधी डॉक्टर तपासण्या करतात, आणि टाका असताना ताप आला, घाण वास यायला लागला, पाणी गेलं किंवा कळा आल्या तर लगेच या म्हणून बजावतात.

टाक्याच्या धाग्याचीही गोष्ट आहे. पिळाच्या फितीसारख्या धाग्याच्या फटींत जंतू घर करतात आणि तिथल्या पेशी भडकतात, असं २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांना आढळलं. एकसंध, नायलॉनसारखा धागा बरा, असं त्यांना वाटलं. मग ब्रिटनमधल्या ७५ दवाखान्यांत दोन हजारांवर बायांवर रीतसर चाचणी झाली. २०२२ मध्ये निकाल आला. गर्भ जाण्याचं प्रमाण एका धाग्यात ८ टक्के, दुसऱ्यात ७.६ टक्के. म्हणजे फरक नाही. शंका रास्त होती, पण तपासल्यावर ती टिकली नाही. डॉक्टरकीत असं तपासून बघणारे लोक असतात म्हणून ती पुढं जाते.

मग कुणी म्हणेल, जंतूच कारण असतील तर सगळ्या गरोदर बायांना अँटिबायोटिक देऊन टाका की! तेही करून बघितलंय. २००१ मध्ये एका मोठ्या चाचणीत, अपुऱ्या दिवसांच्या कळा आलेल्या पण पाणमोट शाबूत असलेल्या बायांना अँटिबायोटिक दिलं. बाळांना फायदा झाला नाही. सात वर्षांनी त्या मुलांना तपासलं तर अँटिबायोटिक घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण जास्त निघालं. आग भडकल्यावर नुसतं औषध ओतून भागत नाही. म्हणून सांगतो, मेडिकलवरून 'पांढऱ्याची गोळी' आणून गरोदर बाईला परस्पर देऊ नका. तपासून, नेमकं कारण बघून, डॉक्टरनं दिलेलंच औषध घ्यायचं.

थोडक्यात, आग लागायच्या आधी धूर बघायला हवा. आता येतो आपल्याकडं, कारण आपल्याकडं धूर बघितलाच जात नाही.

१९८९ मध्ये डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी करून 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात अहवाल छापला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता. आणि त्याआधी कधीतरी तपासून घेतलेल्या बाया किती? आठ टक्केसुद्धा नाहीत. बाळंतपण सोडलं तर बाईच्या त्या अवयवाकडं सरकारचं, समाजाचं आणि घरच्यांचं लक्षच नव्हतं, हे त्या अहवालानं जगाला सांगितलं.

त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, आपल्या बीडचं नाव जगभर गाजलं. कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्याचं तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य खात्याच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहा जणींमागं एक.

त्या वेळी बातम्या करताना मी बऱ्याच बायांशी बोललो. 'पिशवी का काढली?' विचारलं की बहुतेकींची सुरुवात एकाच वाक्यानं व्हायची. "अंगावरून पांढरं जायचं." कंबर दुखायची, ओटीपोट दुखायचं, लघवीला आग व्हायची. कुणीतरी सांगितलं की कॅन्सर होईल. काढून टाकली.

म्हणजे तीच हाळी. पिशवीच्या तोंडाचा पहारेकरी ओरडून सांगत होता की इथं जंतू शिरलेत, बघा. कधी साध्या तपासणीनं आणि आठवड्याभराच्या औषधानं भागलं असतं. आपण पहारेकऱ्यालाच घरासकट उचलून फेकून दिलं.

जी बाई कोवळ्या वयात लग्न होऊन फडात जाते, तिचा दिवस आठवा. पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या. उजाडायच्या आत तोड सुरू. मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. कोपीत न्हाणी नाही, संडास नाही, पाणी लांबून आणायचं. आडोसा मिळेपर्यंत लघवी दाबून धरायची, त्यासाठी पाणीच कमी प्यायचं. पाळीत तेच कापड. खाडा केला तर पैसे कापले जाणार, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचल आधीच घेऊन खर्च झालेली. अशात तिला दिवस गेले आणि लघवीला आग व्हायला लागली तर ती कुणाला सांगणार? मुकादमाला?

आणि पाचव्या महिन्यात पोट गेलं की आपण म्हणतो, मोळी उचलल्यानं गेलं, नाहीतर दृष्ट लागली, नाहीतर बाईच्याच पोटात दोष. प्रत्येक गेलेलं पोट जंतूंमुळंच जातं असं माझं मुळीच म्हणणं नाही. कारणं अनेक असतात आणि काही वेळा मोठ्या डॉक्टरांनाही सापडत नाहीत. पण जी कारणं शोधता येतात ती तरी शोधली का, एवढंच विचारतोय. २०२० या एका वर्षात भारतात तीस लाखांवर मुलं अपुऱ्या दिवसांची जन्मली. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यातली काही आपल्या फडातली असणार, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

२०१९ नंतर पिशवी काढायला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू झाली. हे चांगलंच झालं. पण परवानगीनं कापाकापी थांबते, दुखणं थांबत नाही. पांढरं जाणाऱ्या, आग होणाऱ्या बाईला फडापासून तासाभराच्या अंतरात तपासणारी बाई डॉक्टर मिळते का, हा खरा प्रश्न आहे. कारखाना साखरेचा उतारा दोन दशांशांपर्यंत मोजतो. त्याच्या हद्दीत किती कोपी आहेत, त्यात किती गरोदर बाया आहेत, याची मोजणी त्याला जड का जावी?

आता त्या गड्याची गोष्ट पुरी करतो.

शिरोडकर डॉक्टर कुठं बसतात ते मी त्याला सांगितलं. म्हणलं, डॉक्टर १९७१ लाच गेले, पण त्यांचा टाका आपल्या गावातसुद्धा घालतात. तो आधी घाबरला, मग हसला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लगेच टाका घातला नाही. आधी लघवी तपासली, आतून तपासलं. संसर्ग निघाला. त्याचं औषध झालं, मग टाका पडला. आणि बाईंनी सांगितलं की यंदा फडात जायचं नाही.

हे शेवटचं औषध सगळ्यात महाग होतं. उचल दोघांची घेतलेली. गडी एकटा गेला, अर्धा कोयता म्हणून. मुकादमाचं बोलणं खाल्लं, पैसे अंगावर फिरले, ते अजून पुरते फिटलेले नाहीत. बाई माहेरी राहिली. दिवस भरत आल्यावर टाका काढला आणि आठवड्याभरानं मुलगी झाली. मी बघायला गेलो तेव्हा आजी तिला न्हाऊ घालत होती आणि पोरगी अख्ख्या तांड्याला ऐकू जाईल अशी रडत होती.

एका मुलीसाठी एका कुटुंबाला किती कर्ज काढावं लागलं, हे मी मुद्दाम लिहितोय. टाका सरकारी दवाखान्यात फुकट पडतो, पण चार महिने घरी बसणं फुकट पडत नाही. दिवस गेलेल्या ऊसतोड बाईला त्या हंगामाची मजुरी कुणी द्यायची, यावर निवडणुकीच्या सभेत मी अजून एकही भाषण ऐकलेलं नाही.

यंदाही दसरा झाला की आपल्या रस्त्यावरून ट्रॅक्टर सुटतील. तुमच्या गावातून, वस्तीवरून बाया जातील. त्याआधी एवढं करा. घरात किंवा शेजारी कुणाला दिवस गेले असतील तर आशाताईंकडं नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी मोफत असते, तिथं न्या. आधी पोट गेलेलं असेल तर ते डॉक्टरला स्पष्ट सांगा, कितव्या महिन्यात, कळा होत्या का नव्हत्या, सगळं. लघवीला आग, घाण वासाचं किंवा रंगीत जाणं, ताप, पाण्यासारखं गळणं, कंबर-ओटीपोट भरून येणं, यातलं काहीही झालं तर 'होतं असं' म्हणून गप्प बसू नका.

आणि सासूबाईंनो, सुनेनं लाजत लाजत 'खाली आग होते' म्हणलं तर तिला तोंड मिटायला लावू नका. तिचं शरीर ओरडून सांगतंय, तेवढं ऐकून घ्या.

डॉक्टर मंडळींना काही चुकीचं वाटलं तर कमेंटमध्ये दुरुस्त करा, मी पोस्टमध्ये बदल करीन. बाकीच्यांनी नावासकट किंवा नावाशिवाय, कशीही पुढं पाठवा. मुकादम मित्र असतील तर त्यांना आधी पाठवा.